परकी सून आणि मदतीचे आवाहन

वाङ्मयप्रकारांच्या यादीत 'मदतीचे आवाहन' या लेखनाला अद्याप कोणी जागा दिलेली नाही. तरीही आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे कथा-कवितांपेक्षा कदाचित हेच लेखन अधिक वाचत असतील. ते सूचनाफलकावर लागते, मिस्सेनंतर वाचून दाखवले जाते, हातोहाती फिरते. त्यांपैकी एका प्रकाराचा विचार आम्ही येथे करणार आहोत. मुलाने वा मुलीने परदेशी व्यक्तीशी विवाह केलेला असतो. पतिपत्नींपैकी एकाला दुसऱ्याच्या देशात राहण्याचा परवाना हवा असतो. आणि त्याचा खर्च न झेपल्याने कुटुंब समाजापुढे हात पसरते.

लेखन म्हणून पाहता या आवाहनांचा साचा ठरून गेला आहे. प्रारंभी अश्रू, मध्ये लेकरांचा उल्लेख, शेवटी रक्कम. ज्या व्यक्तीसाठी हे सारे चालले आहे तिला मात्र त्यात चेहरा नसतो. ती 'सून' असते किंवा 'जावई' असतो. तिला कोणते काम येते, ती घरात काय घेऊन आली, याविषयी एक ओळही सापडत नाही. वाचणाऱ्याच्या मनात करुणा उत्पन्न होते, पण त्या करुणेत ती व्यक्ती एक ओझे होऊन बसते.

सरकारी कायदाही तिच्याकडे ओझे म्हणूनच पाहतो. ब्रिटनमध्ये परदेशी जोडीदाराला आणण्यासाठी जुलै २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट घालण्यात आली. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ती २९,००० पौंड झाली. आरोग्यसेवेचा अधिभार २०२४ साली वर्षाला १,०३५ पौंड झाला. बाहेरून येणाऱ्या जोडीदाराला तो पहिल्याच अर्जासोबत तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड, भरावा लागतो. अर्जाचे शुल्क निराळेच. विवाह वेदीपुढे झाला तरी संसार कोठे मांडायचा हे पगाराची पावती ठरवते. अशा वेळी कुटुंबाने हात पसरला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आमची तक्रार मागण्याबद्दल नाही, मागण्याच्या भाषेबद्दल आहे.

या भाषेला पर्याय शोधण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या डोंगरांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील बौद्ध लेणी आहेत आणि त्यांत ब्राह्मी लिपीतील प्राकृत दानलेख आहेत. नाणेघाटाच्या वाटेने व्यापार चालत असे, त्या काळी या गावात परके लोक वस्तीला होते. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. आणखी एका लेखात आडुथुम नावाच्या शकाने वीस निवर्तने जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी एका श्रेणीच्या हवाली केल्याची नोंद आहे.

हे लेख एकेका ओळीचे, फार तर दोनचार ओळींचे आहेत. त्यांत विशेषण नाही, विनवणी नाही. कोण, कोठला, काय दिले आणि कशासाठी, एवढेच आहे. 'यवन' हा शब्द त्या माणसाने लपवला नाही आणि खोदणाऱ्यानेही गाळला नाही. परकेपणाची खूण तशीच राहिली, पण वाक्यातील त्याचे स्थान दात्याचे झाले. गावाने त्याला राहू दिले आणि त्याने गावाला पाणी दिले, असा अर्थ आम्ही त्या ओळींत वाचतो.

जुन्या करारातील रूथचे पुस्तक हीच गोष्ट कथेच्या अंगाने सांगते. चार अध्यायांची ही कथा आपल्याकडे सासूसुनेच्या मायेचा नमुना म्हणून वाचली जाते. ते वाचन खोटे नव्हे, परंतु अपुरे आहे. नामीचे कुटुंब आधी स्वतःच दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेले होते, हे आपण विसरतो. कथाकार मात्र विसरत नाही. परदेशात आसरा घेतलेल्या घराकडेच परकी सून येते.

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात भुईमूग काढून झाल्यावर मागे राहिलेल्या शेंगा वेचणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना सरवा म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांतील नियमशास्त्राने हा सरवा गरिबाचा आणि उपऱ्याचा हक्क ठरवला आहे. बवाजाच्या शेतात रूथ सातूचा सरवा वेचते ती या हक्काने. संध्याकाळी ती एफाभर सातू घरी आणते आणि त्यावर नामीही जेवते. आधाराची अपेक्षा जिच्याकडून नव्हती तीच घराचा आधार होते.

कथेचा कळस मात्र शेतात नाही, वेशीत आहे. बवाज दहा वडीलधाऱ्यांना साक्षीला बसवतो. अधिक जवळचा आप्त स्वतःच्या वतनाला धक्का लागेल म्हणून माघार घेतो आणि पायतण काढून देतो. येथवर कथाकार रूथला पुन्हापुन्हा 'मवाबी' म्हणतो. वेशीतला व्यवहार पुरा होताच पुढच्या ओळींत ती नुसती 'रूथ' उरते. एका शब्दाच्या गळण्यातून कथाकाराने तिचे नागरिकत्व सांगितले आहे. तिचा नातू इशाय, पणतू दावीद राजा. आणि मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून नोंदवले.

बवाजाची जागा आजच्या कायद्यातही सर्वस्वी पुसली गेलेली नाही. अमेरिकेत बोलावणाऱ्याचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ठरलेल्या पटीस, सामान्यतः सव्वापटीस, पुरे पडत नसेल तर तेथे राहणारा दुसरा नागरिक किंवा कायम रहिवासी सहजामीन राहू शकतो. आपल्या सहीने तो कायदेशीर बोजा अंगावर घेतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्पन्नाची अट मुळात वैध ठरवली, परंतु मुलांच्या हिताचा आणि इतर आर्थिक आधारांचा नीट विचार झाला पाहिजे, असेही बजावले. परमपीठाने १९८३ साली काढलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत स्थलांतरित कामगाराचे कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र यावे, हा हक्कच मानला आहे.

आपल्या देशाचे दारही आपोआप उघडत नाही. भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला नोंदणीकृत विवाहाची दोन वर्षे पूर्ण झाल्याखेरीज 'ओसीआय' कार्डासाठी अर्ज करता येत नाही. नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी साधारणपणे सात वर्षांचे वास्तव्य लागते. घर असणे आणि घराचा कागद असणे यांतील अंतर आंबेगाव तालुक्याला नवे नाही. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे.

म्हणून आवाहन लिहिणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की, दानलेखाची शिस्त आणि रूथच्या कथेचे धैर्य अंगी बाणवावे. त्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने प्रथम लिहावे. तिचे गाव, तिची भाषा, तिला येणारे काम सांगावे. कोणते शुल्क किती, केव्हा भरायचे आणि अर्ज फेटाळला गेल्यास जमलेल्या पैशाचे काय करणार, हे आकड्यांत मांडावे. अश्रूंना बंदी नाही, पण त्यांनी हिशेबाची जागा घेऊ नये.

आणि वाचणाऱ्या कुटुंबांनीही आपण कोणत्या भूमिकेत आहोत ते ओळखावे. पाकिटात दहा रुपये घालणारा दया करत असेल. वेशीत येऊन बसणारा साक्षीदार होतो. रूथला धान्य पुरवणारे शेत होतेच. तिला बेथलेहेमची केले ते त्या दहा जणांनी, आणि त्यांपैकी एकाचेही नाव कथेत नाही.