घरटी टांगली, अळ्या मारल्या

जागतिक चिमणी दिन २०१० पासून २० मार्चला साजरा होतो. त्या निमित्ताने शाळाशाळांतून एक उपक्रम रुजला आहे : खोक्यांची घरटी करून व्हरांड्यात टांगायची आणि शेजारी दाण्यांचे भांडे ठेवायचे. कमी खर्चात होतो, मुलांचे हात कामाला लागतात, हे त्याचे गुण मान्यच केले पाहिजेत. परंतु विज्ञानाचा उपक्रम म्हणून पाहिले तर त्यात एक मोठी विसंगती आढळते.

मोठी चिमणी दाणे खाते. पिलांना मात्र ती सुरुवातीचे दिवस मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. हे किडे येणार कोठून? घरटे टांगलेल्या शाळेतच अनेकदा पटांगण झाडून लख्ख केलेले असते, पालापाचोळा जाळला जातो आणि कढीपत्त्यावर अळी दिसताच औषध फवारले जाते. म्हणजे आपण घर दिले आणि पिलांचा घास काढून घेतला! दाण्यांवर मग पारवेच जमतात.

रोपे निवडतानाही फुलांचा रंग पाहिला जातो. पाने कोण खाईल, हा प्रश्न विचारला जात नाही. लिंबाचे फुलपाखरू मध अनेक फुलांतला पिते, अंडी मात्र लिंबू, कढीपत्ता, बेल अशा मोजक्याच झाडांवर घालते. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या 'ब्लू मॉर्मन'च्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात. राज्य फुलपाखराचे नाव पाठ करणारा विद्यार्थी त्याच्याच अळीला 'कीड' म्हणून चिरडत असेल, तर त्याने काय शिकले?

खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. काय करायचे ते मुलांना सांगितले जाते, शोधायला दिले जात नाही. अहवालात घरट्यांची आणि रोपांची संख्या असते. घरट्यात कोणी आले का, भोक केवढे होते, दुपारचे ऊन लागत होते का, याची नोंद नसते. रिकामे घरटे अपयश समजून उतरवले जाते. वास्तविक पाठ तेथेच सुरू होतो.

त्याऐवजी असे करून पाहावे. वर्गांपासून दूर, कुंपणालगत, दोन मीटर बाजूचे दोन चौरस आखावेत. एक नेहमीप्रमाणे झाडावा. दुसरा वर्षभर झाडू नये, खुरपू नये. दर आठवड्याला १० मिनिटे दोन्हींकडे पाहून मुलांनी मुंग्या, कोळी, फुलपाखरे, पक्षी यांची मोजणी करावी. साप-विंचवांची भीती रास्तच आहे. म्हणून पाचोळ्यात हात न घालता कडेला उभे राहूनच निरीक्षण करावे. दोन चौरसांत फरक दिसला नाही, तर तोही निष्कर्षच होय; मग 'का नाही?' हा पुढचा प्रश्न.

घरटी जरूर टांगावीत. मात्र कढीपत्त्याची कुरतडलेली पाने पाहून मुलाने फवाऱ्याऐवजी नोंदवही आणली, तरच उपक्रम साधला असे समजावे.