तीन रकान्यांचे वाङ्मय

दिवाळीपूर्वी माळा साफ करणे हे आमच्या घरात माझ्या वाट्याला आलेले एकमेव काम. ते मी दर वर्षी पुढे ढकलतो आणि दर वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातून निर्वाणीचा खलिता येतो. यंदा माळ्यावर चढलो तो चकलीचा सोऱ्या शोधायला आणि खाली उतरलो तो हातात एक शंभर पानी वही घेऊन. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात तीन रकाने आखलेले होते. वर लिहिले होते : उ., अं., ब.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. साल २०२०. करोनाच्या त्या दिवसांत दर रात्री या तीन शहरांतील नव्या रुग्णांचे आकडे मी या वहीत उतरवून घेत असे. मुलगा फोनवर पाहून सांगे आणि मी लिही. सोऱ्या माळ्यावरच राहिला. मी पायरीवर बसून वही चाळू लागलो.

जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला एक खोड असते. समोर काहीही आले की त्याचे परीक्षण करावेसे वाटते. मग ती कविता असो वा वाण्याची यादी. वही चाळता चाळता मनात आले, की त्या वर्षी आपण सर्वांनी अत्यंत उत्कंठेने वाचलेले वाङ्मय कोणते? कादंबरी नव्हे, नाटक तर नव्हेच. आपण वाचले ते हुकूम आणि तक्ते. दिवसा हुकूम, रात्री तक्ता. आणि या वाङ्मयाला लोकांनी दिलेली दाद—कुरकुर, विनोद, संताप, अफवा—हेही वाङ्मयच. त्याचे परीक्षण कोणी केल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. फराळाच्या ताटापुढे हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण हे परीक्षण माझ्याकडून राहून गेलेले एक देणे आहे. ते का, हे शेवटी येईलच.

प्रथम तक्ता. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला निघाले, की विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर अशी स्थानके लागतात. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर. २०११ च्या शिरगणतीत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास, तर बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. म्हणजे तक्त्यातील तीन आकडे एकाच मापाचे नव्हते. शिवाय तपासण्या किती झाल्या, हे कळल्यावाचून रुग्ण किती वाढले याला फारसा अर्थ नसतो. पण रात्री नऊ वाजता हा विचार कोण करतो? मी अंबरनाथचा आकडा बदलापूरपेक्षा मोठा दिसला की सुस्कारा सोडी. ज्या दिवशी आमचा आकडा वर जाई, त्या दिवशी शेजारचे काका गॅलरीतून ओरडत, “मास्तर, आज आपण पुढे!” धावफलक वाचावा तसे आम्ही ते वाचत होतो. आणि गाडी मात्र एकच होती. अंबरनाथला चढणारा आणि बदलापूरला चढणारा एकाच डब्यात, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून आयुष्यभर मुंबईला गेलेले. रोगाला रकाने ठाऊक नव्हते. ते आम्ही आखले होते.

हा वाचनदोष आमच्यापुरता नव्हे, हे मला त्याच टाळेबंदीत एका पुस्तकाने दाखवले. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणाऱ्या डॅनिअल डीफोने १७२२ साली लंडनच्या १६६५ मधील प्लेगवर एक कादंबरी लिहिली. त्या साथीच्या वेळी तो जेमतेम पाच वर्षांचा होता. पण ती लिहिली आहे ती एका प्रौढ खोगीरवाल्याची आठवण म्हणून. या पुस्तकाची गंमत अशी, की ते आकड्यांनी भरलेले आहे. लंडनमध्ये दर आठवड्याला पॅरिशवार मृतांचा तक्ता छापला जाई. खोगीरवाला तो तक्ता वाचतो आणि शहराच्या पश्चिम टोकाला माणसे मरत असताना पूर्वेकडचे लोक कसे निर्धास्त होते, ते सांगतो. घरे घरातला प्लेग लपवत आणि मृत्यूचे कारण दुसरेच लिहवून घेत, हेही सांगतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ते उ., अं., ब. वाचून मी वही मिटून ठेवली होती.

पण डीफो तक्त्यापाशी थांबत नाही, आणि तेथेच त्याचे मोठेपण आहे. आल्डगेटच्या सामुदायिक खड्ड्यापाशी खोगीरवाला एका रात्री जातो. प्रेतांच्या गाडीमागून एक माणूस चालत येतो. गाडीत त्याची बायको आणि मुले आहेत. प्रेते नीट ठेवली जातील असे त्याला वाटत असते. ती एकदम खड्ड्यात ओतली जातात आणि तो माणूस कोसळतो. एवढेच. पण त्या पानानंतर तक्त्यातील कोणताही आकडा पूर्वीसारखा वाचता येत नाही.

हे पान मला उल्हासनगरमुळे समजले, की उल्हासनगर मला या पानामुळे समजले, हे सांगणे अवघड आहे. मे २०२० मध्ये उल्हासनगरात करोनाच्या संशयाने मृत झालेल्या व्यक्तीचा देह बंद पिशवीतून नातेवाइकांच्या हाती आला. पिशवी उघडू नये असा नियम होता. ती उघडली गेली, विधी झाले, माणसे जमली आणि त्यांतील अनेकांना लागण झाली. गुन्हाही नोंदला गेला. बातमी आली त्या रात्री आमच्या इमारतीत एकच वाक्य फिरत होते : “या लोकांना अक्कल नाही.” ते वाक्य मीही उच्चारले. नियम बरोबर होता, यात शंका नाही. झालेली लागण हाच त्याचा पुरावा. पण मेलेल्या माणसाला शेवटची अंघोळ घालू नये, तोंड पाहू नये, हे ज्यांनी जन्मात कधी ऐकले नव्हते, त्यांना ते एका छापील ओळीत सांगितले गेले होते. ‘उघडू नये’ एवढेच. का उघडू नये, मग काय करता येईल, लांबून दर्शन कसे घेता येईल, हे त्यांच्यापाशी बसून किती जणांनी समजावले असेल? कारण आणि पर्याय यांवाचून दिलेला नियम हे अर्धे वाक्य असते. उरलेले अर्धे वाचणारा आपल्या दुःखाने पुरे करतो.

हुकुमांच्या भाषेतला सगळ्यांत मोठा दोष हा, की ते एका ठराविक घरासाठी लिहिलेले होते. त्या घराला दोन-तीन खोल्या, आत नळ, दरमहा पगार आणि दाराशी भाजी आणून देणारा कोणी तरी गृहीत होता. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या लष्करी छावणीतून १९४९ साली उभे राहिलेले गाव. तेथे आजही पत्ता ‘कॅम्प नंबर’ने सांगतात. घरातच शिवणयंत्र, घरातच पापड, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. ‘घरीच राहा’ हे अशा घराला सांगणे म्हणजे काय सांगणे? तो तर घरीच होता. बाजार बंद होता. पुढे जून २०२० मध्ये निर्बंध सैल होऊ लागले तेव्हा रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एक दिवस आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, असा नियम आला. आणि जुलैत ठाणे जिल्ह्यातील शहरांवर पुन्हा कडक टाळेबंदी आली. अर्धे शटर वर करून गिऱ्हाइकाला आत घेणाऱ्या दुकानदाराला आम्ही लोभी म्हटले. लोभी काही असतीलही. पण कारागिराची मजुरी आणि गाळ्याचे भाडे हेही त्या अर्ध्या शटरखाली वाकून आत जात होते.

एका शब्दाबद्दल तर मराठीच्या शिक्षकाने बोललेच पाहिजे. ‘सामाजिक अंतर’. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ असे म्हणायला सुरुवात केली होती. पण आपल्याकडे फलकांवर, ध्वनिक्षेपकांवर ‘सामाजिक अंतर’च राहिले. ज्या समाजाने माणसामाणसांत अंतर ठेवण्याचे पाप शतकानुशतके केले, त्याला हा शब्द देताना कोणाच्या जिभेला अडखळायला झाले नाही. आणि शब्द आपले काम करतोच. बाधित घराच्या दारावर कागद लागला, की त्या घराशी बोलणे बंद; फोनवरूनसुद्धा!

आता आपल्या ललित वाङ्मयाकडे वळू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्राने निर्बंधांसाठी हाच कायदा पुन्हा हाती घेतला. त्या प्लेगात कल्याण स्थानकावर उतारूंना उतरवून तपासत असत. आपल्या स्मरणात त्या काळाचे काय उरले? पुण्यातील घरझडत्या, रँड, चाफेकर आणि २२ जून १८९७ ही तारीख, जिच्या नावाने १९७९ साली जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी एक उत्तम चित्रपट काढला. ही आठवण खरी आहे; झडत्यांचा अपमान खराच होता. पण त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या, ही आठवण त्या मानाने किती क्षीण आहे! हुकुमाविरुद्धचा राग आपल्या वाङ्मयाला चटकन सापडतो. शुश्रूषा त्याला दिसत नाही. अपवाद लक्ष्मीबाई टिळकांचा. ‘स्मृतिचित्रे’त प्लेगचे दिवस येतात तेव्हा त्यांत भीती असते, घरकाम असते आणि हसूही असते, आकडा कोठेच नसतो आणि माणूस कोठेही हरवत नाही.

टाळेबंदीतील आपले ललित लेखन मी बरेच वाचले. गच्चीवरचे पक्षी, स्वच्छ झालेले आकाश, स्वयंपाकघरात शिरलेले नवरे, स्वतःचा शोध. त्यांत चांगले लेख होते. मी स्वतःही पक्ष्यांवर एक लिहिला. पण बदलापूरहून पहाटे एस.टी.च्या बसने मुंबईच्या रुग्णालयात जाणारी बाई त्यांत क्वचितच दिसली. लोकल गाड्या २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून बंद होत्या, त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी १५ जूनला सुरू झाल्या. मधल्या जवळजवळ बारा आठवड्यांत ही माणसे बसने जात-येत होती. आणि आमच्या पट्ट्यात त्यांच्याविषयीच सर्वांत अधिक कुजबुज होती. मुंबईहून रोग हेच आणतात, यांनी तिकडेच राहावे. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत तर मे महिन्यात तसा हुकूमच निघाला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला गेला.

आता देण्याचा हिशेब. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक ताई राहतात. मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता त्यांच्यासारख्यांसाठी आम्ही गच्चीवर थाळ्या वाजवल्या होत्या. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ‘ब’च्या रकान्यातला आकडा चढू लागल्यावर, त्याच गच्चीवर बैठक झाली आणि त्यांना पत्र द्यायचे ठरले. पत्र लिहायचे कोणी? अर्थात मास्तरांनी. मी लिहिले. फार सुरेख लिहिले. ‘आपल्या सेवेविषयी आम्हांस नितांत आदर आहे, तथापि इमारतीतील वृद्ध व बालके यांचा विचार करता आपण काही काळ आपल्या निवासाची सोय अन्यत्र करावी, ही नम्र विनंती.’ अकरा जणांच्या सह्या झाल्या. पहिली माझी.

दुसऱ्या दिवशी ते पत्र माझ्या दाराच्या कडीला अडकवलेले मिळाले. मागच्या कोऱ्या बाजूला ताईंनी लिहिले होते : ‘काका, पहाटे पाचला जाते, रात्री नऊनंतर येते. जिन्यात कोणी नाही हे पाहून चढते. कठड्याला हात लावत नाही. अंघोळ करून मगच मुलाजवळ जाते. अजून काय करू ते सांगा, ते करीन. राहायला दुसरी जागा नाही.’

त्या वर्षी मी हुकूम वाचले, तक्ते वाचले, डीफो वाचला, पक्ष्यांवरचे लेख वाचले. त्या सगळ्यांत इतके स्वच्छ गद्य मला आढळले नाही. त्यात नियम होता आणि त्याचे कारण होते. काय करता येईल ते होते, आणि काय करता येणार नाही तेही होते. हुकूम लिहिणाऱ्यांनी हा नमुना समोर ठेवला असता तर लोकांनी तो अधिक मनापासून पाळला असता, असे मला आजही वाटते. लोक निर्बंधांवर चिडले हे खरे. पण एवढे समजावून सांगितल्यावर चिडणारे किती उरले असते? माझ्यापुरते सांगतो : मी वर जाऊन काहीच बोललो नाही. तेवढे धैर्य झाले नाही. दुसरी बैठक मात्र होऊ दिली नाही, आणि वहीत आकडे लिहिणे त्या रात्रीपासून थांबले. म्हणूनच वहीची पुढची पाने कोरी आहेत.

पायरीवर बसून मी हे सगळे आठवत होतो तेवढ्यात आतून विचारणा झाली, “सोऱ्या सापडला का?” मी पुन्हा माळ्यावर चढलो. वही मात्र वर ठेवली नाही. तिच्यात ते पत्र आहे, ताईंची बाजू वर करून ठेवलेले. या दिवाळीला चकल्यांचा पहिला डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायचे आहे. दर वर्षी सौ. जाते, यंदा मी जाणार आहे. पहिले वाक्य काय बोलावे, ते अजून सुचलेले नाही.