‘नटसम्राट’ नाटकातील राजा

वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणले. तेव्हापासून त्याची चर्चा बहुतांशी कृतघ्न अपत्यांची कथा या अंगाने होत आली आहे. सर्वस्व मुलांच्या हवाली करून बसलेला वृद्ध नट आणि आधी मुलाच्या, मग मुलीच्या घरी त्याची झालेली अवहेलना, ही कथा प्रेक्षकाला आपल्याच आळीतली वाटते. प्रेक्षक रडतो, आणि टीकाकारही पुष्कळदा तेथेच थांबतो. परंतु नाटकाचा अखेरचा भाग मुलांच्या घरात घडत नाही. तो रस्त्यावर घडतो, आणि तेथे गणपतराव बेलवलकरांचा सोबती आहे राजा नावाचा बूटपॉलिशवाला तरुण. या तरुणाचे नाटकातील प्रयोजन काय, हा प्रश्न वाटतो तितका गौण नाही.

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी या नाटकाचे असलेले नाते सर्वश्रुत आहे. मात्र साम्यस्थळे मोजण्याच्या भरात एक भेद नजरेआड होतो. लिअरच्या विपत्काळात त्याच्या जवळ येणारी माणसे पूर्वसंबंधाने बांधलेली आहेत. केंट हा त्याचा सरदार, विदूषक त्याच्या पदरचा, कॉर्डेलिया पोटची मुलगी. वादळात भेटणारा वेडा भिकारी टॉम, ज्याच्या दर्शनाने राजाला उघड्यावाघड्या मनुष्यत्वाचा साक्षात्कार होतो, तोसुद्धा वस्तुतः ग्लॉस्टरचा मुलगा एडगर, म्हणजे वेष पालटलेला कुलीन तरुण होय. शिरवाडकरांच्या नाटकात केंटची जागा भरून काढणारा एकनिष्ठ विठोबा आहे. कॉर्डेलिया मात्र नाही. अप्पासाहेबांच्या दोन्ही अपत्यांपैकी कोणीही तिची जागा घेत नाही. त्या रिकाम्या जागी लेखकाने राजाला आणून उभे केले आहे. त्याने वेष पालटलेला नाही. तो खरोखरच रस्त्यावरचा आहे. त्याचे अप्पासाहेबांशी रक्ताचे नाते नाही, तो त्यांचा ऋणी नाही, त्यांच्या कलेचा भोक्ताही नाही. चर्चगेटपासून भाईंदरपर्यंत लोकलने जाणाऱ्या मुंबईकराच्या नित्य नजरेत असलेल्या, पण ज्यांच्या चेहऱ्याकडे तो क्वचितच पाहतो अशा माणसांपैकी तो एक आहे. लिअरला क्षमा करण्यासाठी मुलगी परत येते. बेलवलकरांना जो जवळ करतो, त्याला क्षमा करावयाचे काही कारणच नाही. शोकांतिकेचे केंद्र येथे कुटुंबाबाहेर सरकते.

नावाची योजनाही सहज झालेली नसावी. सम्राटाला अखेरीस आश्रय मिळतो तो ‘राजा’कडे, आणि या राजाचे राज्य पॉलिशच्या पेटीएवढे! हा उपरोध लेखकाने कोठेही अधोरेखित केलेला नाही, हे त्याच्या संयमाचे द्योतक मानावे लागेल. असा संयम या नाटकात सर्वत्र आढळतो असे नाही.

तुलनेसाठी ‘नटसम्राट’चे दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी स्वतः लिहिलेले ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) हे नाटक घेता येईल. तेथेही वयस्क कलावंत आणि तरुण समोरासमोर आहेत. पण सदाशिवला खाँसाहेबांकडून गाणे हवे आहे. त्यांच्यातील वैर आणि ओढ दोन्ही विद्येभोवती फिरतात. कलावंताला वारस मिळतो, म्हणजे त्याच्या वार्धक्याला एक अर्थ मिळतो. बेलवलकरांना ते समाधान नाही. राजा त्यांच्याकडून अभिनय शिकणार नाही, त्यांची परंपरा पुढे नेणार नाही. कलेवाचून उरलेल्या कलावंताला माणूस म्हणून काही मोल आहे काय, या प्रश्नाला नाटकात कोणी होकार देत असेल तर तो राजाच, आणि तोही शब्दांनी नव्हे, आपल्या वाट्यातला तुकडा देऊन.

तथापि या पात्रावर लेखकाने पुरेसा अन्याय केला आहे, हेही नमूद केले पाहिजे. अप्पासाहेबांची स्वगते इतकी समृद्ध आहेत की राजा वारंवार केवळ श्रोता होऊन बसतो. त्याला स्वतःचे दुःख आहे की नाही, याची चौकशी ना वृद्ध नट करतो, ना नाटककार. मैत्री म्हणावी तर ती एकाच बाजूने बोलते. पहिल्या प्रयोगाच्या वेळी अवघ्या ४३ वर्षांच्या डॉ. श्रीराम लागू यांनी आवाज आणि देह यांवर वार्धक्याचा जो भार पेलला, त्याच्या दीप्तीत हे वैगुण्य झाकले गेले असल्यास नवल नाही.

२०१६ साली आलेल्या महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपटाने हे वैगुण्य दूर केले नाही. उलट रामभाऊ हा समवयस्क नटमित्र नव्याने आणून मैत्रीचे सारे वजन त्याच्याकडे वळविले. नाना पाटेकर आणि विक्रम गोखले यांचे प्रसंग प्रभावी आहेत, यात शंका नाही. पण नटाला नट समजून घेतो यात अनपेक्षित ते काय?

मूळ नाटकात मुले पश्चात्तापाने अप्पासाहेबांना घरी न्यावयास येतात, आणि ते जात नाहीत. या नकाराचे श्रेय सामान्यतः त्यांच्या मानीपणाला दिले जाते. परंतु जावयाचे नाही, म्हणजे राहावयाचे कोणापाशी? तो माणूस तेथेच, हाताच्या अंतरावर असतो. अखेरच्या प्रवेशात सारा प्रकाश नटसम्राटावर एकवटल्यावर राजाला रंगमंचावर कोठे आणि कसे उभे करावे, हा प्रश्न या नाटकाच्या प्रत्येक नव्या दिग्दर्शकापुढे पुन्हा येणारच.