निर्मितिवाद व क्रमविकासाचे शालेय अध्यापन

सजीवांच्या जाती ईश्वराने स्वतंत्रपणे निर्माण केल्या, या बायबलवर आधारलेल्या मतास निर्मितिवाद म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या मताच्या पुरस्कर्त्यांनी १९२० नंतर क्रमविकासाच्या (उत्क्रांतीच्या) शालेय अध्यापनास संघटित विरोध केला.

टेनेसी राज्याच्या मार्च १९२५ च्या कायद्याने, मानव कनिष्ठ प्राण्यांपासून उद्‌भवला असे सरकारी शाळांत शिकविण्यास बंदी घातली. जुलैमध्ये डेटन येथे जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला होऊन त्यास १०० डॉलर दंड झाला. वरिष्ठ न्यायालयाने १९२७ मध्ये तांत्रिक कारणावरून ही शिक्षा रद्द केली. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

हा खटला विज्ञानाचा विजय होता, हा रूढ समज तपासून पाहावा लागतो. वृत्तपत्रांनी विरोधकांचा उपहास केला. परंतु प्रकाशकांनी वाद टाळण्यासाठी पाठ्यपुस्तकांतील क्रमविकासाचा भाग आखडता घेतला. सोव्हिएट रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर (१९५७) विज्ञानशिक्षणाच्या सुधारणेस वेग आला, तेव्हाच तो ठळकपणे परतला. शिवाय सर्वच विरोध अज्ञानमूलक नव्हता. सरकारपक्षाचे वकील विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना या सिद्धांताने बलिष्ठांच्या वर्चस्वास समर्थन मिळेल, अशी भीती वाटे. आणि स्कोप्सच्या शाळेतील जीवविज्ञानाच्या पुस्तकात सुप्रजाजननाचा पुरस्कार व मानववंशांची उच्चनीच क्रमवारी होती. तथापि सिद्धांताचा दुरुपयोग हा त्याच्या असत्यतेचा पुरावा ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये आर्कॅन्सॉ राज्याची बंदी घटनाबाह्य ठरविल्यावर विरोधाचे रूप पालटले. ‘निर्मितिविज्ञान’ या नावाने वर्गात समान स्थान मागण्यात आले. ही मागणी मान्य करणारे कायदेही आर्कॅन्सॉत १९८२ मध्ये व लुइझिअ‍ॅनाच्या बाबतीत १९८७ मध्ये न्यायालयांनी रद्द केले. त्यानंतर ‘बुद्धिमान योजना’ ही संज्ञा पुढे आली. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील खटल्यात (२००५) असे उघड झाले, की त्या मताच्या पाठ्यपुस्तकाच्या मसुद्यांत १९८७ च्या निकालानंतर निर्मितिवादाचे शब्द काढून नवे शब्द घातले होते. युक्तिवादाचा गाभा तोच राहिला.

न्यायनिर्णयांनी धर्ममतास विज्ञानाच्या तासातून वगळले. परंतु वादाच्या धास्तीने हा पाठ उरकून टाकणाऱ्या शिक्षकास त्यांचा उपयोग मर्यादित होता. २००७ च्या राष्ट्रीय पाहणीत माध्यमिक शाळांतील जीवविज्ञानाचे सुमारे ६०% शिक्षक ठाम भूमिका टाळताना आढळले. २०१९ मधील पाहणीत स्थिती सुधारलेली दिसली. त्यामुळे या विरोधाचे यशापयश केवळ निकालपत्रांवरून ठरविणे अपुरे आहे. विद्यार्थ्यास वर्गात प्रत्यक्ष काय शिकविले गेले, हाच त्याचा खरा निकष होय.