अश्वाच्या हृदयगतीची मराठी परिभाषा : एक परीक्षण

राक्षसभुवन हे गोदाकाठचे स्थान आज बीड जिल्ह्यात मोडते. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे पेशवे माधवराव यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला व त्या रणात निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. ज्या भाषेत असे घोडदळ वावरले, तिच्यात घोड्याविषयीच्या शब्दांची वाण असणार नाही, आणि ती नाहीही. पागा, शिलेदार, बारगीर, खरारा, तोबरा. चालींत दुडकी, चौखूर, भरधाव. घोड्याच्या वैद्यास तर शालिहोत्राच्या नावावरून आलेला ‘सालोत्री’ हा खास शब्द. परंतु ही सारी संपत्ती घोड्याच्या बाह्यांगाची आहे. कातडीच्या आत शिरावयाचे म्हटले की हीच भाषा अडखळू लागते.

आतील व्यवहारासाठी आपल्यापाशी मुख्यतः ‘नाडी’ हा एकच शब्द होता. वैद्य मनगटावर पाहतो ती नाडी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील इडा-पिंगला याही नाड्याच. एक रक्ताचा स्पंद, दुसरी प्राणाची वाट. जुन्या अश्ववैद्यकाचे भाषांतर करताना कित्येक वेळा या ‘नाडी’स सरळ मज्जातंतू मानले जाते आणि आमच्या पूर्वजांस चेतासंस्थेचे ज्ञान होते, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. हा ग्रंथाचा गौरव नव्हे, वाचनाचा आळस होय.

नव्या परिभाषेने हा गोंधळ निस्तरावयास हवा होता. तिने ‘अनुकंपी’ व ‘परानुकंपी’ ही नावे दिली. पाश्चात्त्य संज्ञेतील सहानुभूतीचा अर्थ त्यांत अक्षरशः उतरला आहे. आता घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी. झुडपात काही सळसळले की ज्या तंत्रिकांमुळे त्याचे हृदय धडधडू लागते, त्यांस ‘अनुकंपी’ म्हणावयाचे! येथे अनुकंपा कोणाची व कोणावर, हे विद्यार्थ्याने कसे ओळखावे?

प्रस्तुत लेखकास वाटते की पागेतलेच दोन शब्द येथे अधिक कामाचे आहेत : लगाम आणि टाच. निरोगी प्रौढ घोड्याचे हृदय विश्रांतीत मिनिटास सुमारे २८ ते ४४ ठोके देते. भरधाव धावताना ही संख्या २०० च्याही वर जाते. एवढे अंतर राखावयाचे तर विश्रांतीत लगाम चांगलाच आवळलेला असला पाहिजे. तो असतोही. व्हेगस तंत्रिकेचा ताबा इतका असतो की उभ्या घोड्याच्या जबड्याखालील धमनीवर बोट ठेवले असता मध्येच एखादा ठोका गळाल्याचे पुष्कळदा आढळते. घोडा चालू लागला वा दचकला की हा खंड नाहीसा होतो. बहुधा हा रोग नसतो, लगामाची खूण असते.

औषधांचे कार्यही या शब्दांत उलगडते. माळावरच्या धोतऱ्यात ॲट्रोपिन वर्गाची द्रव्ये असतात. ॲट्रोपिनने हृदय जलद होते ते टाच मारल्यामुळे नव्हे, लगाम सुटल्यामुळे. झायलाझिन मेंदूतून जाणारी टाचच ढिली करते. शिवाय आरंभी रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढतो व त्याच्या प्रतिक्रियेने लगाम अधिक ओढला जातो. ठोके मंदावतात, अधिक गळू लागतात. ॲसेप्रोमाझिनची रीत निराळी : रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो आणि हृदयगती तशीच राहते किंवा किंचित वाढते.

व्यवहारात मात्र या दोन्हींना ‘गुंगीचे इंजेक्शन’ हे एकच नाव आहे. येथे परिभाषेचा प्रश्न कोशाबाहेर पडतो. घोड्यास आधी काय टोचले होते, असे दुसऱ्या पशुवैद्याने विचारले व मालकाने ‘गुंगीचे’ एवढेच सांगितले, तर ते उत्तर जिवावर बेतू शकते. कारण ॲसेप्रोमाझिननंतर ॲड्रेनॅलिन दिल्यास रक्तदाब चढण्याऐवजी आणखी कोसळू शकतो. उलट झायलाझिनने मंदावलेले हृदय पाहून ॲट्रोपिन टोचले, तर आधीच चढलेला दाब अधिक चढण्याचा धोका. ‘गुंगी’ने घोड्याची खाली गेलेली मान तेवढी सांगितली, हृदयाविषयी काहीच सांगितले नाही. मानेविषयीही ती पुरते खरे सांगत नाही, कारण झायलाझिन दिलेला घोडा पेंगत असतानाच अचानक लाथ झाडू शकतो.

लगाम-टाचेच्या या रूपकालाही मर्यादा आहे, आणि ती आतड्यांपाशी उघड होते. जी व्हेगस हृदयाला आवरते तीच आतड्यांना चालना देते. म्हणजे तेथे लगामच टाचेचे काम करतो. ॲट्रोपिनने इकडे हृदय मोकळे सुटते आणि तिकडे आतडी थबकतात. घोड्यास पोटशूळ किती घातक असतो हे जाणणारा पशुवैद्य म्हणूनच ते औषध हाती घेताना कचरतो. तेव्हा हे दोन शब्द हृदयापुरतेच वापरावे. आतड्यांसाठी परिभाषाकारांनी दुसरी जोडी शोधावी.