खजिन्याचा माग आणि बखरीचा भरवसा

मराठी कादंबरीत खजिना शोधणारे पुष्कळ आहेत. ज्या कागदावरून तो शोधायचा, त्या कागदावरच संशय घेणारे मात्र थोडे. आपल्या रहस्यकथेची मर्यादा मला इथे दिसते.

मुरलीधर खैरनार यांच्या 'शोध'ने (2015) 1670च्या दुसऱ्या सुरतलुटीतला खजिना विषय म्हणून घेतला. नाशिककडचा डोंगरमुलूख त्यांना पाठ होता आणि त्याचं बळ पानापानावर जाणवतं. तरी तिथली उत्कंठा मुख्यतः खजिना कुठे आहे, याचीच. प्रकाश कोयाडे यांच्या 'प्रतिपश्चंद्र'नेही हाच वाचक जोडला. वेगवान कथानक हे या वाटेचं यश, पण कागद बहुधा वाट दाखवण्यापुरताच उरतो.

याच्या अगदी उलट वाट नागपूरच्या नंदा खरे यांची. 'अंताजीची बखर' (1997) ही रचलेली बखर. नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या फौजा 1742पासून बंगालवर चालून गेल्या. 1744मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना बोलणीसाठी बोलावून दगाफटक्याने मारलं. या धामधुमीतून जाणारा अंताजी प्लासीच्या लढाईपर्यंतची हकिगत सांगतो. पुरलेलं धन इथे नाही. या माणसाचं किती खरं मानायचं, हेच कोडं आणि ते शेवटपर्यंत सुटत नाही. खरे यांनी बखरीच्या जातीचीच परीक्षा घेतली. बखरी घडून गेल्यावर, कधी कुणाच्या सांगण्यावरून लिहिल्या जात. 'शिवदिग्विजय' ही शिवाजी महाराजांवरची बखर 1718 सालची म्हणून पुढे आली, पण तिची भाषा बरीच नंतरची, असं अभ्यासकांनी दाखवलं. असा वाद कादंबरीकाराला आयता मिळालेला आहे, आणि तो क्वचितच कुणी उचलतो.

आणि खजिनाच हवा असेल, तर नागपूरच्या महालाच्या धनाला मुळी गूढच नाही. तिसरे रघूजी डिसेंबर 1853मध्ये निपुत्रिक वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं आणि भोसल्यांचं जडजवाहीर लिलावात निघालं. 1864मध्ये वाडाही जळाला. मागे राहिला तो नगारखाना. इथे खणून काही सापडायचं नाही. विदर्भातलं खरं कोडं पोथ्यांत आहे.

म्हाइंभटांनी लिहिलेलं चक्रधरस्वामींचं मूळ चरित्र, 'लीळाचरित्र', आक्रमणांच्या धामधुमीत हरवलं. चक्रधरांच्या महानुभाव पंथातल्या अनुयायांनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं. त्यातून वेगवेगळे पाठ झाले. पुढे पंथाचे ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत बंद झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेर कुणाला वाचता येईनात. नागपूरच्या वि. भि. कोलते यांनी पाठ ताडून 1978मध्ये संपादित आवृत्ती दिली. हरवलेला ग्रंथ, स्मृतीतली प्रत, सांकेतिक लिपी: एवढं सगळं हाताशी असताना आपले लेखक भुयारं आणि तळघरं रंगवत बसतात, याचं मला वाईट वाटतं. म्हाइंभटांची मूळ पोथी सापडली म्हणून महानुभावांच्या रिद्धपुरात कुणी उभा राहतो आणि तिची शाई, अक्षरवळण, पाठ तपासता तपासता तपासणाऱ्याचीच श्रद्धा पणाला लागते, अशी कादंबरी मला वाचायची आहे.