जेरी लोस्टी आणि हस्तलिखितातील चित्र : एक मूल्यमापन

भारतीय लघुचित्रांवर लिहिणाऱ्या अनेकांनी चित्र ग्रंथातून सोडवून घेऊन पाहिले. चित्रकार कोण, शैली कोणती, साल कोणते, एवढे ठरले की काम संपले. पाठीमागच्या मजकुराची विचारपूस क्वचितच. जेरी लोस्टी (१९४५-२०२१) यांचे वेगळेपण नेमके येथे आहे. ऑक्सफर्डला संस्कृत शिकलेले लोस्टी १९७१ साली ब्रिटिश म्युझियमच्या पौर्वात्य हस्तलिखित विभागात आले. तो विभाग पुढे ब्रिटिश लायब्ररीत गेला आणि २००५ साली ते तेथूनच निवृत्त झाले. त्यांची सारी नोकरी हस्तलिखितांच्या सहवासात, कुतुबखान्यात झाली.

१९८२ च्या ‘द आर्ट ऑफ द बुक इन इंडिया’ या प्रदर्शनात व त्याच्या ग्रंथात त्यांनी ताडपत्रावरील बौद्ध पोथ्या, जैन पोथ्या आणि सुलतानी व मोगल दरबारांच्या किताबा एकाच परंपरेच्या धाग्यात ओवल्या. हिंदू पोथी वेगळी, मुस्लिम किताब वेगळी, ही सोयीची वाटणी त्यामुळे टिकत नाही.

मेवाडच्या रामायणावरील त्यांचे काम याची साक्ष देते. महाराणा जगतसिंहांसाठी १६४९ ते १६५३ या काळात सिद्ध झालेल्या या ग्रंथातील अयोध्याकांड व युद्धकांड साहिबदीन या मुसलमान चित्रकाराच्या नावावर आहे. एकाच चित्रात अनेक प्रसंग कसे येतात, हे लोस्टी श्लोक शेजारी ठेवून उलगडतात. संस्कृत येत असल्याशिवाय हे साधत नाही. ग्रंथाचे लंडन व मुंबई येथे विखुरलेले भाग २०१४ साली डिजिटल रूपात एकत्र आले.

मात्र हीच कसोटी दख्खनला लावली की उणीव दिसते. हसन मंजू खलजी याचे ‘पेम नेम’ हे दख्खनी काव्य विजापुरात १५९० च्या सुमारास रचले गेले. त्याची ३४ चित्रांची प्रत याच लायब्ररीत आहे. नायकाच्या छातीवर प्रियेचा चेहरा रंगवलेला आहे. काव्य न वाचणाऱ्याला ती चित्रकाराची लहर वाटेल, वाचणाऱ्याला प्रेमाची कल्पनाच समोर दिसेल. हे वाचन संस्कृतच्या बळावर होणारे नव्हते. लंडनचे उर्दूचे अध्यापक डेव्हिड मॅथ्यूज यांनी या हस्तलिखितावर २००२ साली लिहिले. दख्खनी ज्यांच्या घरात बोलली जाते त्या बेळगाव-विजापूर पट्ट्यातील उर्दू विभागांनी हे काम आधी हाती घ्यायला हवे होते, ही तक्रार लोस्टींविरुद्ध नाही.

चित्र नसलेल्या किताबांचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. आसार महालातील आदिलशाही ग्रंथसंग्रह १८५३ साली लंडनला गेला. त्यातील अरबी ग्रंथांची नोंद ऑटो लोथ यांच्या १८७७ च्या सूचीत आहे. कलेतिहासाची नजर चित्रावर खिळते, म्हणून हा संग्रह प्रदर्शनाच्या वाट्याला फारसा येत नाही. वास्तविक पहिल्या पानांवरचे शाही शिक्के आणि मालकीच्या नोंदी वाचायला फारसी व धीर एवढेच लागते.